प्रेशर, मीठ आणि किडनीची मानस

सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरेल न भरेल इतके. आपल्या रक्तातल्या आणि पेशींबाहेरच्या पाण्यातल्या मिठाचे प्रमाणही जवळपास हेच, लिटरमागे 9 ग्रॅम, आणि शरीर ते हट्टाने सांभाळते. दुपारी शीतकढीबरोबर भाजलेला खारा बांगडा, चेपणीचा तोर (मिठात दाबून टिकवलेली कैरी) आणि वर एक पापड असा बेत झाला, त्यातून साडेचार ग्रॅम मीठ जास्तीचे पोटात गेले, तर ते सौम्य करायला शरीर अर्धा लिटर पाणी धरून ठेवते. तहान लागते, आपण पाणी पितो, काट्यावर अर्धा किलो वाढलेला दिसतो. किडनी धडधाकट असेल तर पुढच्या एक-दोन दिवसांत ती हे मीठ-पाणी बाहेर टाकते आणि विषय संपतो. प्रेशरवाल्यांचा विषय तसा संपत नाही.

गोव्यात उच्च रक्तदाबाला सगळे प्रेशरच म्हणतात, आणि प्रेशर म्हटले की हात छातीवर जातो. ईसीजी काढला का, हे शेजारीपाजारीही विचारतात. क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर महिनोन्महिने, वर्षानुवर्षे प्रेशर कुठल्या पातळीवर राहायचे याचा निकाल मुख्यतः किडनीत लागतो. हृदय पंप आहेच. पण ते एक ग्रंथीही आहे, आणि किडनीला सतत निरोप धाडत असते. तो निरोप पोचूनही काम होत नाही, तेव्हा प्रेशर वर जाऊन बसते.

दीड किलो मिठाचा हिशेब

प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख गाळण्या असतात. हृदयातून मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त निघते, त्यातले लिटरभर किंवा थोडे जास्त या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जाते. दिवसभरात तिथे जवळपास 180 लिटर पाणी गाळले जाते आणि त्या पाण्यात विरघळलेले मीठ भरते दीड किलोच्या आसपास. लघवी होते फक्त दीड-दोन लिटर, आणि मीठ बाहेर टाकायचे असते आपण खाल्ले तेवढेच, 8-10 ग्रॅम. बाकी सगळे नळ्यांमधून परत रक्तात ओढून घ्यायचे. साधारण 65 टक्के मीठ पहिल्याच वळणावर परत येते, 25 टक्के मधल्या लांब फाट्यात, 5 ते 8 टक्के त्यापुढे, आणि उरलेले दोन-चार टक्के अगदी शेवटच्या नळीत.

सगळी झटापट असते ती या शेवटच्या काही टक्क्यांसाठी. दीड किलोतला एक टक्का म्हणजे 15 ग्रॅम. किडनीने एका टक्क्याची चूक केली, तर दिवसभराच्या जेवणातल्या मिठाहून मोठी गफलत होते. एवढा बारीक हिशेब किडनी एकटीने करत नाही. तिला वरून हुकूम येतात, काही मीठ धरून ठेवण्याचे, काही सोडून देण्याचे.

आणि कुठलाच हुकूम आला नाही, तरी एक गोष्ट आपोआप होते: प्रेशर वाढले की किडनी जास्त मीठ आणि पाणी सोडते. गोव्यातल्या वाचकाला हे समजावायला खाजनातली मानस पुरे, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीच्या बांधातले पाण्याचे दार. भरतीला नदीचे पाणी दाबते तशी मानशीची फळी बंद होते. ओहोटी लागली, आतले पाणी वरचढ झाले की तीच फळी बाहेर ढकलली जाते आणि पाणी निघून जाते. माणूस उभा नसला तरी दाबावर काम चालते. आता समजा फळी फुगली आहे, बिजागरी गंजली आहे. पाणी तर बाहेर जायलाच हवे. मग आत पाण्याची पातळी आणखी चढते, दाब वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबाने फळी कशीबशी तेवढीच उघडते. पूर्वीइतकेच पाणी बाहेर पडते, पण खाजन आता कायम चढल्या पातळीवर राहते.

उच्च रक्तदाब हा असाच सौदा आहे. प्रेशरवाला माणूस रोज खाल्लेले मीठ लघवीतून बाहेर टाकत असतोच, नाहीतर आठवडाभरात सुजून जाईल. निरोगी माणसाची किडनी 120 च्या दाबावर जे काम करते, तेच करायला त्याच्या किडनीला 150 लागतात, एवढाच फरक. म्हणूनच प्रेशर नॉर्मल आले म्हणून गोळी बंद केली की काही दिवसांत आकडा पुन्हा जुन्या जागी येतो. गोळीने बिजागरीला तेल घातलेले असते, फळी नवी बसवलेली नसते.

दोष किडनीत असतो याचा पुरावा उंदरांनी दिला. लुइस डाल यांनी मिठाने प्रेशर वाढणारे आणि न वाढणारे असे उंदरांचे दोन वंश तयार केले आणि त्यांच्या किडन्यांची अदलाबदल केली. प्रेशर किडनीबरोबर गेले. ज्याची किडनी, त्याचे प्रेशर.

धरून ठेवणारे

मीठ धरून ठेवणाऱ्या साखळीचा पहिला दुवा 1898 साली स्टॉकहोममध्ये सापडला. टिगेरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचे प्रेशर वाढले. त्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिले. पुढे 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीकडे जाणारी धमनी चिमट्याने आवळली आणि प्रेशर चढून राहिले. किडनीला रक्त कमी पडले की तिला वाटते सगळ्या शरीरातच पाणी कमी झाले, आणि ती रेनिन सोडते.

रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन-2 तयार होते. त्यातली एक पायरी एसीई नावाचे विकर, मुख्यतः फुप्फुसात, पार पाडते. अँजिओटेन्सिन-2 रक्तवाहिन्या आवळते आणि किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन काढून घेते. अल्डोस्टेरॉन त्या शेवटच्या नळीत बसून मीठ परत ओढते आणि बदल्यात पोटॅशियम सोडते. प्रेशर आहे आणि लघवीची गोळी नसतानाही पोटॅशियम कमी येते आहे, असे दिसले तर अल्डोस्टेरॉनची तपासणी करून घ्यावी, ती याच कारणाने.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्या (एनालाप्रिल, रामिप्रिल) एसीईला अडवतात. या गोळ्यांचे मूळ ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात आहे. ‘सार्टन’वाल्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन) अँजिओटेन्सिनला त्याच्या जागी बसू देत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवते. क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी तिसऱ्या टप्प्यातले मीठ परत येऊ देत नाही. एका रुग्णाला दोन-तीन वेगळ्या गोळ्या का, याचे उत्तर इथे आहे: एक दार उघडले की शरीर दुसरे दार लोटते.

सोडून द्या म्हणणारे हृदय

मिरामारला किंवा कोलव्याला गळ्याइतक्या पाण्यात थोडा वेळ उभे राहिले की लघवी लागते. थंडीचा त्यात वाटा असतो, पण पाणी कोमट असले तरी हे होतेच. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांतले आणि पोटातले रक्त वर छातीत ढकलतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, त्या रक्ताने ताणले जातात. शरीरात पाण्याचा थेंबही वाढलेला नसतो, पण अलिंदांना वाटते पाणी फार झाले, आणि ती किडनीला सांगतात, सोडून द्या.

असा काही संबंध असावा असा संशय जुना होता. 1956 मध्ये कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला तेव्हा लघवी वाढल्याचे दिसले होते. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अलिंदाच्या पेशींत बारीक कण दिसले, ग्रंथींच्या पेशींत असतात तसे. पंपाच्या भिंतीत ग्रंथीसारखे कण कशाला, याचे उत्तर मिळायला 25 वर्षे लागली. 1981 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथे अडोल्फो दे बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतले सोडियम तीसपटीहून जास्त वाढले, लघवी दहापट झाली. खालच्या कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या अर्काने काहीच झाले नाही.

त्या पदार्थाचे नाव एएनपी, 28 अमिनो आम्लांची साखळी. त्याचा भाऊ बीएनपी 1988 मध्ये डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावात ‘ब्रेन’चा ‘बी’ राहिला. माणसात तो मुख्यतः निलयांच्या ताणलेल्या भिंतीतून येतो. नाव चुकले ते चुकलेच, पण लॅबच्या रिपोर्टवर आजही तेच छापतात.

किडनीत हे दोघे काय करतात? गाळणीत येणारी बारीक धमनी सैल करतात आणि बाहेर जाणारी थोडी आवळतात. त्यामुळे गाळणीत दाब वाढून जास्त पाणी गाळले जाते. शेवटच्या नळीत सोडियमचे दार बंद करतात, म्हणजे ते परत न येता लघवीत जाते. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दाबून ठेवतात. बाकी शरीरात रक्तवाहिन्या सैल करतात. रेनिनची साखळी जे जे करते, त्याच्या बरोबर उलट. ज्या उंदरांच्या जनुकांतून एएनपी काढून टाकले, त्यांना मीठ जास्त दिले की प्रेशर चढते.

मग प्रेशरवाल्यांच्या शरीरात हा निरोप कमी का पडतो? कारण एकच नाही. एएनपी रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते, बीएनपी वीसेक मिनिटे. नेप्रिलायसिन नावाचे विकर त्यांचे तुकडे करते. शिवाय चरबीच्या पेशींवर या हार्मोनांना गिळून टाकणारे ग्राहक (रिसेप्टर) भरपूर असतात. स्थूल माणसाच्या रक्तात ही हार्मोने कमी सापडतात, त्याचे हे एक कारण मानले जाते. पोट सुटले की प्रेशर वाढते यामागचा हा धागा वजनाच्या सल्ल्यात फारसा सांगितला जात नाही. काहींच्या जनुकांतच ही हार्मोने जरा कमी तयार होतात. आणि बऱ्याच जणांत निरोप जोरात जातो, भिंत जाड झालेल्या हृदयात तर नेहमीपेक्षा जास्त, पण समोर रेनिनची साखळी आणि किडनीला जाणाऱ्या मज्जातंतूंची ओढ इतकी असते की दार हलत नाही. मधुमेहाने किंवा वयाने गाळण्या कमी झालेल्या असतील तर निरोप ऐकणारेच कमी उरतात.

हार्मोनच गोळीतून का देत नाहीत? पोटात ते पचून जाते. म्हणून औषधवाल्यांनी उलटी वाट धरली: निरोप वाढवण्याऐवजी तो फाडणाऱ्याला थांबवायचे. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिनला अडवते. ते वाल्सार्टनबरोबर एकाच गोळीत येते आणि मुख्यतः हृदय दुबळे झालेल्यांना देतात. ‘प्रिल’ची गोळी आणि ही गोळी एकत्र चालत नाही, जीभ-घसा अचानक सुजून श्वास अडू शकतो. एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये 36 तासांची मोकळीक ठेवावीच लागते. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटे पडून असतात आणि आजोबा दोन्ही घेत राहतात. नवी गोळी आली की जुनी डब्यातून काढून टाकणे हे घरच्यांचे काम.

बीएनपीचा रिपोर्ट वाचतानाही हे सगळे लक्षात ठेवावे लागते. अचानक दम लागलेल्या माणसात बीएनपी 100 च्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी (बीएनपी तयार होताना सुटणारा जोडतुकडा) 300 च्या खाली (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) असेल, तर दम हृदयामुळे असण्याची शक्यता कमी. पण स्थूल माणसात आकडा फसवा कमी येतो. किडनी कमकुवत असेल तर तो फसवा जास्त येतो, कारण बाहेर टाकणारीच थकलेली असते. सॅक्युबिट्रिल चालू असताना बीएनपी वाढलेले दिसणारच. तेव्हा एनटी-प्रोबीएनपी करावे. आणि प्रेशर आहे म्हणून दर वर्षी ही महाग तपासणी करत बसण्याचे कारण नाही.

रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागणे हे पुरुषांत सरसकट प्रोस्टेटच्या खात्यावर टाकतात. त्यातल्या काहींत कारण घोरणे असते. झोपेत घसा बंद पडला की माणूस बंद नळीतून श्वास ओढायला धडपडतो, छातीत ओढ निर्माण होते, अलिंदे ताणली जातात, एएनपी सुटते. जोरात घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दिवसा पेंगणे आणि तीन गोळ्यांनाही न जुमानणारे प्रेशर असे एकत्र दिसले तर झोपेची तपासणी करून घ्यावी. दिवसभर पाय सुजणाऱ्यांचेही तसेच: आडवे झाले की पायातले पाणी हृदयाकडे परतते आणि रात्री लघवी वाढते.

स्वयंपाकघरात

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. घरात चमचे मोजत बसण्यापेक्षा पुड्यावर तारीख लिहावी. चार माणसांच्या घरात किलोचा पुडा 50 दिवस पुरला, तर माणशी रोजचे 5 ग्रॅम झाले. तो 25 दिवसांत संपत असेल तर दुप्पट. आणि यात पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, साठा धरलेला नाही: सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक सुंगटे), पारा (सुक्या माशांचे लोणचे), मिस्कूट (कैरीचे लोणचे), चेपणीचे तोर, शिवाय शोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज). या सगळ्यात मीठ चवीला नसते, टिकवायला असते, त्यामुळे कमी घालून चालत नाही. खाणेच कमी करावे लागते. सुके मासे पाणी दोन-तीनदा बदलत भिजवले तर मिठाचा बराच भाग उतरतो. चेपणीच्या तोराला हा उपाय नाही, चव जाते. आठवड्यातून एकदा अर्धी फोड, हाच त्यावर तोडगा.

आगरवाड्याचे, रायबंदरचे गावठी मीठ प्रेशरला चालते असा समज आहे. तेही सोडियम क्लोराइडच. खडे मोठे म्हणून चमच्यात वजनाने थोडे कमी मावते, एवढाच फरक, आणि आयोडीन घातलेले नसते. सैंधवाचेही तेच. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते, म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम हे 1 ग्रॅम मीठ. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियम असते. किडनी चांगली असेल तर ते उपयोगाचे आहे. किडनी कमकुवत असेल किंवा प्रिल, सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात. रोज दोन शहाळी पिण्याची सवय असलेल्यांनाही हेच लागू.

काय बिघडते

प्रेशर मोजतानाच निम्म्या चुका होतात. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटे गप्प बसावे, दंड हृदयाच्या उंचीवर हवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरी सरासरी 135/85 किंवा जास्त म्हणजे प्रेशर आहे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो.

क्रिएटिनिनचा आकडा एकट्याने वाचू नये. 1.1 हा आकडा 25 वर्षांच्या तरुणात गाळण्याचा वेग सुमारे 95 दाखवतो आणि 75 वर्षांच्या बाईत 52 च्या आसपास. रिपोर्टवर दोघांपुढेही ‘नॉर्मल’ छापलेले असू शकते. म्हणून ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा हाच वेग, लिहून मागावे. प्रिल किंवा सार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा पाहतात. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढले तर सहसा गोळी बंद करत नाहीत: गाळणीतला जादा दाब उतरल्याची ती खूण असते. त्याहून जास्त उडाले तर किडनीच्या धमन्या अरुंद झाल्या असतील का, हे पाहावे लागते. तशा किडनीत अँजिओटेन्सिन बाहेरची धमनी आवळून कसाबसा दाब राखत असते. गोळीने तोच आधार काढून घेतला. गरोदरपणात या दोन्ही जातींच्या गोळ्या घेत नाहीत.

अॅम्लोडिपिनने (रक्तवाहिन्या सैल करणारी प्रेशरची गोळी) घोटे सुजतात ते शरीरात पाणी साठल्याने नव्हे, बारीक वाहिन्यांतून झिरपल्याने. त्यावर लघवीची गोळी वाढवून उपयोग होत नाही. डोस कमी करणे किंवा सार्टन जोडणे हा मार्ग.

गुडघेदुखीला दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही किडनीची खरी शत्रू. गाळणीकडे येणारी धमनी सैल ठेवणारे रसायन ती बंद करते, मीठ धरून ठेवते, प्रेशरची गोळी निकामी करते. सार्टन, लघवीची गोळी आणि वर हे वेदनाशामक, असे त्रिकूट जमले आणि त्यात पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या, तर चांगली किडनी दोन दिवसांत बसू शकते. जुलाब-उलट्या थांबत नसतील, पाणी पोटात राहत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून प्रिल, सार्टन आणि लघवीची गोळी तेवढ्यापुरती थांबवायची का ते विचारावे, आणि नीट जेवण-पाणी सुरू झाल्यावर ती पुन्हा कधी सुरू करायची तेही त्याच फोनवर विचारून घ्यावे. थांबवलेली गोळी महिनाभर विसरली जाते, हा अनुभव दवाखान्यात दर जुलैचा.

वर्षातून एकदा लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासावे, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीत. 30 च्या खाली (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) असेल तर ठीक. 30 च्या वर आले तर ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीची दमवणूक नव्हती ना ते बघून तीन महिन्यांत पुन्हा करावे. गाळणीच्या जाळीला भोके पडू लागल्याचे क्रिएटिनिनला कळायच्या कितीतरी आधी या आकड्याला कळते.